पाय तुझे, नाव त्याचं

जानेवारीतला दुसरा शनिवार. दुपारचे पावणेचार. जागा दौंडमधलं एक मैदान, गोलपोस्टामागचं लिंबाचं झाड. रक्कम दोनशे रुपये, शंभराच्या दोन नोटा. हजर माणसं चार: आमच्या कॉलेजचे स्पोर्ट्सचे सर, संस्थेच्या एका संचालकांचा पुतण्या, आमचा गोलकीपर आणि मी.

मी नुकताच मैदानातून बाहेर आलो होतो. मॅच आम्ही जिंकली होती. दोन्ही गोल मी केले होते. चड्डीला खिसा नव्हता. म्हणून सर खाली वाकले, माझा डावा मोजा बोटानं ओढला आणि नोटा आत नडगीच्या पॅडमागं कोंबल्या. मग मोजा वर ओढून सारखा केला. लहान पोराचा करतात तसा.

"पाय तुझे, नाव त्याचं. कुणाचं काय बिघडलं?" सर म्हणाले.

गोलकीपर मला म्हणाला, "काय सरकार, पार्टी कवा?"

सरकार हे कॉलेजात पुतण्याला पडलेलं नाव. पण मैदानावर त्या दिवशी सरकार मीच होतो. पुतण्या इस्त्रीच्या ट्रॅकसूटमध्ये झाडाला टेकून उभा होता. तो हसला. गोलकीपर हसला. मीही हसलो. हे लिहिणं भाग आहे. मी हसलो, कारण मला भीती वाटत होती.

त्या मुलाचं नाव मी इथं लिहीत नाही. कॉलेजचंही नाही. त्याचं नाव मी त्या आठवड्यात स्पीकरवर पुरेसं ऐकलं.

प्रकार असा होता. मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होतो. गाव मांडवगण फराटा. आमचं घर बौद्ध वस्तीत. वडील मिळेल त्याच्या रानात कामाला, आई राहू गावाच्या बाजूला शेवंती तोडायला. आमच्या घरात बारावीच्या पुढं कुणी गेलं नव्हतं. फुटबॉल मी दौंडला शिकलो. पाचवी ते दहावी मी मामाकडं, रेल्वे क्वार्टरमध्ये होतो. मामा रेल्वेच्या इंजिन शेडमध्ये खलाशी, म्हणजे मदतनीस. रेल्वेची पोरं संध्याकाळी खेळायची, मी अनवाणी त्यांच्यात घुसायचो. क्रिकेटला बॅट लागते, पॅड लागतात. फुटबॉलला एक बॉल पुरतो, तोही दुसऱ्याचा. म्हणून फुटबॉल.

डिसेंबरात आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेची यादी लागली. सोळा नावं. माझं नव्हतं. पुतण्याचं होतं. तीन वर्षांत त्याला मी बॉलला पाय लावताना दोनदा पाहिलं होतं. दोन्ही वेळा बॉल त्याच्याकडं घरंगळत आला होता.

मी सरांकडं गेलो. त्यांनी खोलीचं दार लावून घेतलं. टेबलावर पात्रता अर्ज होता. नाव पुतण्याचं, जन्मतारीख पुतण्याची. फोटो माझा. अर्ध्या फोटोवर प्राचार्यांचा गोल शिक्का.

"सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के जागा असतात. त्याला सर्टिफिकेट लागणार," सर म्हणाले. "तुला काय गरज? तुम्हाला आरक्षण आहेच. जन्माचं सर्टिफिकेट घेऊन आलात. त्या बिचाऱ्याला ओपनमधून लागायचंय."

मी अर्जावरचा माझा फोटो बघत होतो.

"आणि हजेरीची काळजी करू नको. ते मी बघतो."

या शेवटच्या वाक्यावर मी विश्वास ठेवला. सगळ्या प्रकरणातली माझी सगळ्यात मोठी चूक ती. लेखी घेतलं नाही.

कॅम्प बारा दिवसांचा, सामने सहा दिवस. एकूण अठरा. या अठरा दिवसांत मला नीट झोप लागली नाही. रेफरी सामन्याआधी रांगेत उभं करून अर्जाशी चेहरे जुळवायचा. फोटो माझाच असल्यानं चेहरा जुळायचा. पण तो नाव विचारायचा, आणि ते नाव मला माझं म्हणून सांगावं लागायचं. दुसऱ्याचं नाव, दुसऱ्याचा बाप, दुसऱ्याचं आडनाव. एका सामन्याआधी मी बापाचं नाव चुकून माझ्या बापाचं सांगायला लागलो. पहिलं अक्षर तोंडातून गेलं होतं. खोकून वेळ मारून नेली.

दौंडचा सामना सगळ्यात वाईट. तिथं मला ओळखणारी माणसं होती.

हाफटाइमला मामा आला. ड्यूटी संपवून थेट आलेला, अंगावर शेडचा निळा शर्ट, हातात मामीनं दिलेला डबा. दुसरा हाफ सुरू झाला आणि त्यानं मला माझ्या नावानं हाक मारली. पोटातून, शेडमध्ये मारतात तशी. मी पाहिलं नाही. त्यानं परत मारली. लाइनवरचा पंच वळून बघायला लागला. मी बॉल नसताना मैदानाच्या पलीकडच्या बाजूला पळालो. राइटचा खेळाडू लेफ्टला का पळतोय, कुणाला कळेना. तिसरी हाक आली तेव्हा सर मामाकडं गेले. खांद्यावर हात ठेवून काहीतरी बोलले. मामा थोडा वेळ उभा राहिला. मग डबा घेऊन निघून गेला. दुसरा गोल मी त्यानंतर केला. स्पीकरवर पुतण्याचं नाव आलं. पोरं ओरडली. मोज्यातल्या नोटा त्या गोलाच्या.

त्या दोनशेचं काय केलं तेही लिहितो. एकशे दहा एसटीच्या पासाला गेले. नव्वदचं अकाउंटन्सीचं गाईड घेतलं. परत केले नाहीत.

सहा वाजता मी मामाच्या क्वार्टरवर गेलो. तो दारात बसला होता.

"कुणाच्या नावावर खेळत हुतास?"

मी सांगितलं.

"आन् घावला असतास म्हंजी?"

"सर हायेत, म्हणाले."

"सर हायेत." मामा हसला. "आमच्या शेडात एकानं दुसऱ्याच्या नावावर हजेरी लावली. लावणारा घरी बसला. ज्याच्या नावावर लावली, त्यो अजून कामावर हाय. सांजच्याला पान खाऊन भेटतो."

मामी आतून म्हणाली, "जेवू द्या की त्याला आदी."

"जेवू नको म्हणतंय कोण?" मग मला म्हणाला, "माझ्या आज्याचं नाव कचरू. त्याच्या भावाचं दगडू. आपल्यात असलीच नावं ठेवायची. धर्म घेतला तवापासून आपल्या माणसांनी पोरांची नावं निवडून निवडून ठेवली. तुझं नाव मी ठेवलंय, ठावं हाय का तुला? आन् आज तू ते ऐकून पाठ फिरवलीस."

मी भाकरी खाल्ली. सोमवारी परत सामना होता आणि मी खेळणार होतो. मामाचं बोलणं ऐकून मी लगेच बदललो असं नाही. मी सोमवारी परत तेच नाव सांगितलं.

सोमवारी, सहाव्या आणि शेवटच्या सामन्यात, घोटा गेला. समोरच्या बॅकनं दोन्ही पाय घालून आडवा मारला. सरांनी मला गाडीत घालून एका दवाखान्यात नेलं आणि कंपाउंडरला नाव सांगितलं. पुतण्याचं. बाहेर नऊ पेशंट बसले होते, मी मोजले. एक म्हातारी कण्हत होती. आडनाव ऐकून डॉक्टर स्वतः बाहेर आले.

"अरे, म्हणजे आपल्या साहेबांचे पुतणे! आधी ह्यांना घ्या."

नऊ जणांना मागं ठेवून मला आत नेलं. डॉक्टरांनी माझा पाय दोन्ही हातांनी उचलला. इतक्या हळू माझ्या पायाला त्याआधी कुणी हात लावला नव्हता.

"काका कसे आहेत?" त्यांनी विचारलं.

"बरे आहेत," मी म्हणालो.

टेबलावर पडल्या पडल्या मला घाम फुटला. या माणसानं खऱ्या पुतण्याला कधी पाहिलेलं असेल तर? त्या घरी फोन लावला तर? घोटा दुखत होता, पण माझं दुखण्याकडं लक्ष नव्हतं. त्यांनी सात दिवस विश्रांती लिहून दिली. कागदावर नाव पुतण्याचं. दुखणं माझं, कागद त्याचा.

सात दिवस मी घरी पडून होतो.

मार्चमध्ये परीक्षेआधी नोटीस बोर्डावर हजेरीची यादी लागली. टर्म नामंजूर, एकूण अकरा नावं. माझं सातवं. मी बोर्डासमोर उभं राहून हिशेब केला. कामाचे दिवस अठ्ठ्याऐंशी. पंचाहत्तर टक्के म्हणजे सहासष्ट. मैदानावरचे अठरा आणि घोट्याचे सात, गैरहजर पंचवीस. हजर त्रेसष्ट. तीन दिवस कमी. संघातल्या पोरांचे अठरा दिवस हजर धरले होते. त्यात पुतण्याचेही. माझे नाहीत, कारण मी संघात नव्हतो. आजारपणाचे धरायला डॉक्टरचा कागद लागतो. तो होता, पण माझा नव्हता.

तीन दिवसांसाठी डिग्री अडकली होती. मी हिशेब तीन वेळा केला. तीन वेळा तोच आला.

सर म्हणाले, "घाबरू नको. प्राचार्यांना पाच दिवसांपर्यंत सूट देता येते. ह्यावर सही कर." टाइप केलेला कागद होता. मजकूर मला अजून पाठ आहे: "मी सदर कालावधीत घरगुती शेतीकामामुळे गैरहजर होतो. मी महाविद्यालयाच्या कोणत्याही क्रीडा स्पर्धेत सहभाग घेतलेला नाही. याबाबत माझी भविष्यात कोणतीही तक्रार राहणार नाही."

आम्हाला शेती नव्हती.

मी म्हणालो, उद्या देतो. सर म्हणाले, "उद्या बाराच्या आत. नाहीतर वर्ष गेलं."

मी कागद घरी नेला. वडिलांना वाचून दाखवला. ते म्हणाले, "कर की सही. तीन दिसांचा तर प्रश्न हाय. आपल्याला कोरट-कचेरी झेपायची न्हाई." ते बरोबर होते. त्यांचा आवाज बारीक झाला होता. माझ्या बापाला मी तसं घाबरलेलं पूर्वी एकदाच पाहिलं होतं, फौजदार वस्तीत आला तेव्हा.

आई शेवंतीच्या करंड्या रचून आत आली होती. तिला वाचता येत नव्हतं. तिनं विचारलं, "काय लिवलंय त्यात?"

"मी खेळलो न्हाई असं."

"खेळलास का न्हाई?"

"खेळलो."

"मग?"

एवढंच बोलली. चूल पेटवायला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी एसटीत मी वहीतलं पान फाडलं आणि गुडघ्यावर अर्ज लिहिला. खड्ड्यांमुळं अक्षर वेडंवाकडं आलं. लिहिलं ते असं: मी अठरा दिवस मैदानावर होतो. सहा सामने दुसऱ्या विद्यार्थ्याच्या नावानं खेळलो. पात्रता अर्जावर फोटो माझा आहे, तपासावा. हे मी चूक केलं. ज्यांच्या सांगण्यावरून केलं, त्यांचं नाव खाली देत आहे. माझे दिवस माझ्या नावावर धरावेत. खाली माझं पूर्ण नाव लिहिलं आणि सही केली.

अकरा वाजून दहा मिनिटांनी मी प्राचार्यांच्या खोलीत उभा होतो. ते बसलेले, सर त्यांच्या बाजूला उभे. मला बसायला सांगितलं नाही. मला लघवीला लागली होती. गुडघे हलत होते, मी ते टेबलाच्या कडेला टेकवले तर टेबलावरचा पेनस्टँड वाजायला लागला. म्हणून मागं सरकलो.

प्राचार्यांनी अर्ज वाचला. "तू तोतया आहेस, हे तूच लिहून देतोयस. कळतंय का?"

"कळतंय सर."

"गुन्हा दाखल होऊ शकतो."

"व्हय सर."

सर ओरडले, "तुझ्यासाठी मी एवढं केलं, खेळायला चान्स दिला, आणि हे?" मग प्राचार्यांकडं वळून म्हणाले, "ह्यांना जवळ केलं की असंच."

ह्यांना. मी एकटाच उभा होतो. तरी ते 'ह्यांना' म्हणाले.

प्राचार्यांनी टाइप केलेला कागद माझ्यापुढं सरकवला. "शेवटचं विचारतो."

मी म्हणालो, "सर, मी खेळलोय." तो कागद घडी घालून त्यांच्याच टेबलावर ठेवला आणि बाहेर आलो. संडासात जाऊन उलटी केली. लोक म्हणतात, खरं बोललं की हलकं वाटतं. मला तसं काही वाटलं नाही. दोन महिने दारात कुणाची मोटारसायकल थांबली की मी मागच्या बाजूनं ओढ्याकडं जात होतो.

अर्जावर आवक शिक्का घेतला नव्हता. आठ दिवसांनी चौकशी केली तेव्हा "असा कुठला अर्ज आलेला नाही" असं उत्तर मिळालं. पात्रता अर्जही सापडला नाही. टर्म गेली. एसटीचा सवलतीचा पास बंद झाला. पुतण्या परीक्षेला बसला आणि पास झाला.

मी सणसवाडीला गेलो. एका कंपनीत पॅकिंगला लागलो, दुपारी तीन ते रात्री अकरा. खोलीत आम्ही सहा जण, चार बिहारचे. त्यातला एक रोज विचारायचा, "भैया, मजदूरी भी और पढ़ाई भी? पागल हो क्या?" पुढच्या वर्षी तीच टर्म परत भरली. सकाळी सहाच्या गाडीनं शिरूर, साडेबारापर्यंत तास, परत येऊन शिफ्ट. स्पोर्ट्सचे सर व्हरांड्यात दिसायचे. मी मान खाली घालत नव्हतो. पण हे सर आपल्याला पुन्हा कुठल्यातरी नियमात अडकवणार, असं रोज वाटायचं. म्हणून मी प्रत्येक तासाला हजेरी झाल्यावर शिक्षकांना विचारायचो, "सर, लागली का?" पोरं माझी नक्कल करायची. कामाचे दिवस शहाऐंशी, मी हजर चौऱ्याऐंशी. बाराशेपैकी सहाशे एकावन्न मार्क पडले. तीन वर्षांची डिग्री चार वर्षांत मिळाली. फुटबॉल परत खेळलो नाही. घोटा थंडीत अजून धरतो.

आता मी चव्वेचाळीस वर्षांचा आहे. सणसवाडीतच एका कंपनीत स्टोअर बघतो. कामाला सतरा माणसं माझ्या हाताखाली आहेत. बायको अंगणवाडीत आहे. मुलगी बारावी सायन्सला.

मागच्या महिन्यात एका रविवारी दारात पांढरी गाडी थांबली. सर उतरले. रिटायर झालेत, केस गेलेत. मागून पुतण्या उतरला. तो सरकारी खात्यात अधिकारी आहे, खेळाडूंच्या जागेवर लागलेला. माझ्या बायकोनं पाणी दिलं, चहा ठेवला. तिला मी हे सगळं लग्नाच्या पहिल्या वर्षीच सांगितलं होतं. तिनं चेहऱ्यावर काही दाखवलं नाही.

सर म्हणाले, "खेळाच्या जुन्या सर्टिफिकेटांची पडताळणी निघालीय. बरोबरच्या खेळाडूंची प्रतिज्ञापत्रं मागवलीत. तू लिहून दे, हा खेळला, मी पाहिलं. दोन ओळी."

"मी तर संघातच नव्हतो सर," मी म्हणालो. "यादीत सोळा नावं होती. माझं नव्हतं."

पुतण्या पहिल्यांदा बोलला. मला अहोजाहो करत होता. "तुम्ही जुनं धरून बसू नका. तुमचंही त्यात आहे. तोतयेगिरी तुम्ही केलीत. उद्या विषय वाढला, तर तुमच्या डिग्रीचीही चौकशी लागेल. नोकरी त्या डिग्रीवरच आहे ना?" मग चहाचा घोट घेतला. "मुलगी कुठल्या कॉलेजला आहे?"

चोवीस वर्षं मागं गेलो. तीच खोली, तोच पेनस्टँड.

उत्तर बायकोनं दिलं. "तिचं कॉलेज तुम्हाला कशाला पायजे, साहेब? प्रतिज्ञापत्र आमच्या मालकांचं पायजे ना? ते देतील. जे झालं ते लिहून देतील."

सरांनी कप खाली ठेवला. पुतण्या माझ्याकडं बघत राहिला. मी मान हलवली. एवढंच मला जमलं. ते गेल्यावर मी दाराला आतून कडी लावली आणि अर्धा तास तिथंच बसून राहिलो.

मुलीला मी संध्याकाळी सगळं सांगितलं. मोज्यातल्या नोटांसकट, त्यांचं काय केलं त्यासकट. तिनं विचारलं, "पप्पा, डिग्री खरंच जाईल?" मला माहीत नाही, असं सांगितलं. वकिलालाही विचारलं. तो म्हणाला, डिग्रीला काही होणार नाही बहुतेक. 'बहुतेक' या शब्दावर मी चार रात्री काढल्या.

भीती आहे. ती गेली असं मी लिहिणार नाही. रस्त्यावर पांढरी गाडी दिसली की नंबर बघतो. मुलगी दहा मिनिटं उशिरा आली की फोन करतो. पण मी विसाव्या वर्षी घाबरत घाबरत जे लिहिलं होतं, तेच पुन्हा लिहिलं आहे. या वेळी तीन पानं झाली. तारखा आठवल्या तेवढ्याच टाकल्या. नोटा घेतल्या हेही टाकलं. दवाखान्यात 'काका बरे आहेत' म्हणालो, तेही. चौकशीला बोलावलं तर जाणार. दोनदा बोलावलं तर दोनदा जाणार. डिग्री काढून घेतली, तर पन्नाशीच्या आत पुन्हा फॉर्म भरीन, पुन्हा पोरांच्यात बसेन, हजेरी लावून घेईन. सही मात्र खोट्यावर करणार नाही.

गुरुवारी शिरूरला, कोर्टाबाहेर, टायपिस्टला एकशे वीस रुपये दिले आणि नोटरीला अडीचशे.